गुडघ्याखालचं टेंगूळ

आमच्या शाळेत खेळाच्या बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती फक्त माझी, कारण मी चित्रकला शिकवायचे आणि शिक्षकांच्या खोलीत आमच्या दोघींच्या खुर्च्या सतरा वर्षं शेजारी होत्या. शिट्टी तिच्या गळ्यात कायम, अगदी जेवतानासुद्धा. डबा उघडायला वाकली की शिट्टी आधी भाजीत बुडायची. मग ती रुमालाने पुसायची आणि तास सुरू झाला की खुशाल तोंडात घालायची. "पोरी म्हणत असतील, आज शिट्टीला लसणाचा वास येतोय," असं मी म्हटलं की खो-खो हसायची.

तिच्याबद्दल सांगायचं तर चांगलं आधी सांगायला हवं, कारण पुढचं तिला कमीपणा आणणारं आहे, आणि थोडं मलाही.

शाळेच्या तीन इमारतींच्या मधोमध आमचं मैदान. सकाळी साडेसहाला ती एकटी तिथे खडे वेचत फिरायची. उंच उडीची गादी जुनी होती, चार ठिकाणी फाटलेली; ती ठिगळं तिने स्वतः दाभणाने घातली होती. ज्या मुलींनी आयुष्यात बसच्या मागेसुद्धा धाव घेतली नव्हती, त्यांना तिने धावायला लावलं. एखाद्या मुलीचे वडील नाही म्हणाले तर ही त्यांच्या कामाच्या जागी जाऊन उभी राहायची. एक गृहस्थ छापखान्यात होते. यंत्राच्या खडखडाटात तिने त्यांच्याशी असा काही वाद घातला की शेवटी ते म्हणाले, "बाई, घेऊन जा पोरीला, पण मला हा मजकूर तपासू द्या."

अशी होती. जीव तोडून करणारी. पण तिचं एक मत होतं आणि ते दगडासारखं होतं : वाढत्या वयात गुडघे दुखतातच, आणि जो थांबला तो संपला.

या मताचा पुरावा ती स्वतःच्या अंगावर बाळगायची. डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली, दोन-तीन बोटांवर, हाडाचं एक टेंगूळ होतं तिला. लिंबाच्या फोडीएवढं. नवी तुकडी आली की ती पँटचा पाय वर सरकवून ते दाखवायची.

"हे बघा. तेराव्या वर्षी आलं. जिना चढताना डोळ्यांतून पाणी यायचं. मी रडले? घरी बसले? उड्या मारत राहिले. वर्षभरात दुखणं पळालं आणि त्याच वर्षाअखेर मी सगळ्या शाळांमध्ये पहिली आले. हात लावून बघा."

पोरी घाबरत घाबरत हात लावायच्या. मीसुद्धा एकदा लावला होता. खरंच हाड होतं. त्यामुळे कोणाला काही बोलायची सोयच उरायची नाही. दोन-चार मुली दुखतंय म्हणून मागे सरल्या, त्यांच्यावर "नाटकी" असा शिक्का बसला. एकीला तर तिने सगळ्यांसमोर संघातून काढलं होतं.

तिला एकच मुलगी. हडकुळी, लांबच लांब पायांची. वडील तिला नाकतोडी म्हणायचे आणि तेच नाव शाळेपर्यंत आलं. वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या यंत्रावर बसायचे. माणूस इतका कमी बोलणारा की लग्नाला होकारही त्यांनी मान हलवूनच दिला असणार, असं आम्ही म्हणायचो. नाकतोडीला मैदानावर आईला "बाई" म्हणावं लागायचं, घरी "आई". हा नियम आईनेच घातलेला. मुलीला झुकतं माप देते असं कोणी म्हणू नये म्हणून.

नाकतोडी बारा पूर्ण होऊन तेराव्यात गेली आणि सरसर वाढली. एका वर्षात तिच्या गणवेशाची शिवण दोनदा उसवून खाली सोडावी लागली. उंच उडीसाठी याहून चांगलं काय! आठवड्याला सहा दिवस सराव, त्यातले चार दिवस उड्या, आणि रविवारी सकाळी घराजवळच्या टेकडीच्या पायऱ्या. शिट्टीबाईच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत एक वेगळंच तेज होतं. ती काही बोलायची नाही, पण कागदावर आकडे लिहायची आणि मला दाखवायची. "एवढी उंची मी पंधराव्या वर्षी मारली. ही तेराव्यालाच मारतेय."

माझ्या वर्गात आम्ही मोठे कागद जमिनीवर पसरून रंगवायचो. मुली गुडघे टेकून वाकायच्या. एक दिवस नाकतोडी सगळ्यांसारखी खाली टेकली आणि एकदम दचकल्यासारखी उठली. मग तिने एक पाय लांब पसरला आणि तशीच अवघडून रंगवत राहिली. तास संपल्यावर मी तिला थांबवलं.

"काय झालं गं पायाला?"

तिने मोजा खाली केला. डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली सूज होती. मी बोट ठेवलं तर ती जागा गरम लागली, आणि तिने दातांत ओठ धरला.

"कधीपासून?"

"दिवस नाही आठवत, मावशी. उडी मारताना कळ येते. जिना उतरतानाही."

"आईला सांग की."

"सांगितलं. त्यांनी त्यांचं टेंगूळ दाखवलं." मग जरा हसून म्हणाली, "मला आधीपासून पाठ आहे ते."

मी म्हटलं, "मी बोलू का?"

"नको. बाई म्हणतील, आता चित्रकलेच्या वर्गात जाऊन रडायला लागली."

आणि मी बोलले नाही. खरं सांगायचं तर तिने नको म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत शिट्टीबाईशी मी खेळाबद्दल एकदाही वाद घातला नव्हता. मला काय कळतं खेळातलं, मी तर शाळेच्या क्रीडादिनाचे फलक रंगवणारी. अशी मी माझी समजूत घातली. गरम लागलेल्या त्या जागेला खेळातलं काही कळायची गरज नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

वडिलांच्या ते लक्षात आलं. ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे. एका रविवारी सकाळी ते दूध घेऊन वर येत होते आणि मुलगी खाली उतरत होती. कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवी, एकेक पायरी. बाप दिसला तशी ती सरळ झाली आणि धडधडत उतरून गेली. वर जाऊन ते बायकोला म्हणाले, "पोरगी खेकड्यासारखी जिना उतरते. डॉक्टरांना दाखवू."

"स्पर्धा होऊ दे."

"स्पर्धा कधी आहे?"

"पाच आठवड्यांनी. आणि हे मला नवीन आहे का? माझंही असंच होतं."

"तुझं होतं. तिचं वेगळं असेल."

त्यांच्या मानाने हे मोठं भाषण होतं. शिट्टीबाई चिडली. तुम्ही काचा घासा, गुडघे माझ्यावर सोडा, असं काहीसं बोलली. हे तिनेच मला नंतर सांगितलं, शब्दाला शब्द, जणू स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी तसं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. स्वतःच मुलीला उचलून का नेलं नाही, याची खंत त्या माणसालाही आहे, पण ती त्यांच्या तोंडून कधी ऐकायला मिळणार नाही.

त्यानंतर नाकतोडीने लपवायला सुरुवात केली. मोजे गुडघ्यापर्यंत ओढून घ्यायची. घरून सगळ्यांच्या आधी एकटी निघायची, म्हणजे जिना उतरताना कोणी बघणार नाही. सराव संपला की आई साहित्य आवरेपर्यंत पाणपोईच्या नळाखाली गुडघा धरून बसायची. आई आली की उठायची. मैदानावर लंगडणं बंद झालं आणि शिट्टीबाई मला म्हणाली, "बघितलंस? गेलं की नाही आपोआप?"

मी म्हटलं, "हो गं, बरी दिसतेय." आणि पाणपोईवर तिला बसलेलं मी माझ्या वर्गाच्या खिडकीतून रोज बघत होते.

स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. मी रंगवलेले फलक भिंतीवर होते, म्हणून मीही तिथे होते. चार शाळांच्या मुली. नाकतोडीने पहिल्या दोन उंच्या सहज मारल्या. तिसऱ्या वेळी दांडी वर सरकवली, तिने नेहमीसारखं मनात काहीतरी मोजलं, धावत आली आणि डावा पाय रोवला.

हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला असं मी म्हणणार नाही. तिच्या आईला आला, असं ती म्हणते. मला एवढंच दिसलं की मुलगी वर गेलीच नाही. ती दांडीच्या खाली, गादीच्या अलीकडे, कोणी पायाखालची जमीन काढून घ्यावी तशी कोसळली. दांडी वर तशीच राहिली, हललीसुद्धा नाही.

आणि शिट्टीबाई ओरडली, "ऊठ!"

सवयीने ओरडली. वीस वर्षांत शंभर मुली पडलेल्या बघितल्या होत्या, शंभरांना तिने "ऊठ" म्हटलं होतं आणि शंभर उठल्या होत्या. हिनेही उठायचा प्रयत्न केला. तो मी बघितला. तिने दोन्ही हात जमिनीला टेकले, उजवा पाय खाली घेतला आणि डावा पाय सोबत येईना. गुडघ्याची वाटी भलतीकडेच, वर सरकलेली दिसत होती. मग शिट्टीबाई धावली.

रुग्णालयात हाडांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी क्ष-किरणाची पट्टी दिव्यासमोर धरली आणि पेनाचं टोक गुडघ्याच्या खाली ठेवलं. मी दारात उभी होते.

त्या म्हणाल्या, "या वयात हाडं भराभर लांब होतात. मांडीचा स्नायू तेवढा लवकर लांब होत नाही, तो ताणून बसतो. त्या स्नायूची दोरी इथे येऊन हाडाला चिकटते आणि ही जागा अजून कच्ची असते, वाढत असते. उड्या मारणाऱ्या, धावणाऱ्या मुलांमध्ये ती दोरी इथे सारखी ओढत राहते. मग जागा सुजते, दुखते. फार मुलांना होतं हे. वाढ पूर्ण झाली की जातं."

"मलाही होतं," शिट्टीबाई म्हणाली. आवाज अगदी लहान होता.

"बऱ्याच जणांना असतं. हिच्या बाबतीत मात्र तो तुकडाच उपटून निघालाय. असं फार क्वचित होतं. स्क्रू घालून बसवावा लागेल."

"आधीच्या दुखण्यामुळे झालं का हे?" तिने विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "तसं छातीठोकपणे नाही सांगता येणार. काहींना आधी काहीच दुखत नसताना होतं. हिला किती दिवस दुखत होतं?"

"असेल दोन-तीन आठवडे," शिट्टीबाई म्हणाली.

पलंगावरून नाकतोडी छताकडे बघत म्हणाली, "सात महिने."

वडिलांनी खिशातला रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले, खूप वेळ.

शिट्टीबाईने मग विचारलं, "आधी आणलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?" मला वाटलं, हा प्रश्न तिने विचारायला नको होता. पण ती तशी होती. जखम दिसली की बोट घालून बघणारी.

"फार काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उड्या कमी करा म्हटलं असतं. बंद नाही, कमी. खेळून झालं की कापडात गुंडाळून बर्फ, दहा-पंधरा मिनिटं. मांडीचे स्नायू मोकळे करायचे रोजचे व्यायाम, नंतर ताकदीचे. वाटीखाली बांधायला एक पट्टा. थोडं दुखलं आणि सकाळपर्यंत शमलं तर चालेल, लंगडायला लागली तर थांबायचं. एवढंच. काही महिने लागतात, कधी वर्षही."

एवढंच. हा शब्द शिट्टीबाईला लागला. पुढे कितीतरी महिने ती मला म्हणायची, "अगं, मोठं औषध असतं, अवघड शस्त्रक्रिया असती, तर म्हटलं असतं आपल्या हातात नव्हतं. बर्फ गं. आपल्या खोलीतल्या फ्रीजमध्ये होता."

दोन स्क्रू बसले. सहा आठवडे पाय सरळ बांधलेला. मी रोज दुपारी जायचे, रंगाचे खडू घेऊन. एकदा आई चहा करायला आत गेल्यावर नाकतोडी म्हणाली, "मावशी, मी चुकले एका ठिकाणी."

"तू काय चुकलीस?"

"मी मैदानावर सांगितलं. तिथे बाई होत्या. घरी सांगायला हवं होतं, घरी आई असते." तिने खडूने प्लास्टरवर एक रेघ ओढली. "पण घरीही बाईच असायच्या कधीकधी. मला बाहेरून ओळखू यायचं नाही."

मी घाईघाईने दुसरंच काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, त्या अर्थी फालतूच असणार.

त्याच सुमारास शिट्टीबाईचा थोरला भाऊ भाचीला बघायला आला. तो जलवाहिन्या दुरुस्तीच्या खात्यात होता, बडबड्या, मोकळ्या गळ्याचा माणूस. भाचीच्या पायाशी बसून म्हणाला, "घाबरू नकोस गं. तुझ्या आईलाही हेच होतं. नशीब तिचं, कावीळ झाली."

शिट्टीबाई म्हणाली, "कसली कावीळ?"

"अगं, तेराव्या वर्षी! विसरलीस? चांगली चार महिने पडून होतीस. उठली तर चक्कर यायची. मी ग्रंथालयातून पुस्तकं आणून द्यायचो, तू दोन दिवसांत संपवून परत पाठवायचीस. ग्रंथपाल मला म्हणाला होता, तुझी बहीण वाचते की खाते? ऊठबस करायला लागलीस तेव्हा गुडघा थांबला होता दुखायचा. आई म्हणाली होती, चला, काविळीने एक तरी काम केलं."

हे तिने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, शिक्षकांच्या खोलीत, तिसरा तास चालू असताना. समोर डबा उघडा होता आणि ती जेवत नव्हती.

"कावीळ मला आठवते गं. पिवळे डोळे, उकडलेलं बेचव जेवण, सगळं आठवतं. गुडघाही आठवतो. दोन्ही एकाच वर्षी होतं, हे नाही आठवलं कधी. मी इतकी वर्षं पोरींना सांगत आले, मी थांबले नाही. मी थांबले होते. चार महिने अंथरुणात होते. आणि म्हणून बरी झाले."

मी म्हटलं, "तू मुद्दाम खोटं नाही बोललीस."

"ते जास्त वाईट आहे," ती म्हणाली. "खोटं बोलत असते तर मला खरं माहीत तरी असतं."

त्या दिवसानंतर तिने पँटचा पाय कोणासमोर वर केला नाही.

वर्षभराने नाकतोडीचा पाय पूर्ण बरा झाला. डॉक्टर म्हणाल्या, हळूहळू खेळायला हरकत नाही. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, उडीसुद्धा मारेल. शिट्टीबाईने नव्याने सगळं लिहून काढलं होतं : कुठल्या आठवड्यात किती, कधी थांबायचं. तो कागद तिने मुलीपुढे ठेवला. मुलीने नीट वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "छान केलंयस. पण मला नाही खेळायचं आता." राग नाही, रडणं नाही. दुकानात एखादी वस्तू नको म्हणावी तसं.

शिट्टीबाईने तो कागद उचलून वहीत ठेवला. बोलायचा हक्क आपण घालवलाय, असं तिला वाटायचं.

मात्र ती विचारायला लागली. दुखतंय का? जिन्यावर, जेवताना, शाळेत जाताना, दुखतंय का? आणि मुलगी प्रत्येक वेळी म्हणायची, नाही. खरंच नाही की नुसतं नाही, हे कळायला आईपाशी आता काही साधन नव्हतं. सतराव्या वर्षी नाकतोडीच्या पोटात दुखायला लागलं. तिने वडिलांना दुकानात फोन केला. दोघं रिक्षाने परस्पर रुग्णालयात गेले, अपेंडिक्स काढायचं ठरलं, आणि शिट्टीबाईला ते शेजारणीकडून कळलं. ती शाळेतून धावत गेली. मुलगी शस्त्रक्रियेच्या खोलीत जाताना तिला म्हणाली, "तुला तास होते ना, म्हणून." तेवढं कारणही तिने दिलं, हे मला फार लागलं. मुलगी चांगली होती. आईला टोचेल असं तिने कधी काही केलं नाही. फक्त सांगायचं सोडलं.

मैदानावर शिट्टीबाई बदलली, आणि ते बदलणं खरं होतं. कोणी दुखतंय म्हटलं की ती गुडघ्यावर बसायची आणि म्हणायची, "एका बोटाने दाखव. नेमकं कुठे?" शिक्षकांच्या खोलीतल्या फ्रीजचा वरचा कप्पा बर्फाच्या पिशव्यांनी भरलेला, मुख्याध्यापकांचं ताक ठेवायला जागा नाही. धावणं सुरू व्हायच्या आधी आणि नंतर मांड्या ताणायचे व्यायाम, रांगेत, कंटाळा आला तरी. ज्या मुली त्या वर्षी ताडमाड वाढल्या त्यांची नावं वहीत वेगळी. त्यांना उड्या निम्म्या. त्या कुरकुरायच्या. एकीचे वडील तावातावाने आले. "माझी मुलगी खेळायला तयार आहे, तुम्ही बसवून ठेवता? थोडं दुखणारच. आम्ही काय दुखण्याला घाबरलो का?"

शिट्टीबाई म्हणाली, "तुम्ही तेरा वर्षांचे असताना काय झालं ते तुम्हाला नीट आठवतंय?"

"अर्थात!"

"घरी जाऊन आईला विचारा. मग या."

ते बावळटासारखे बघत राहिले. मी हसू दाबलं. ते परत आले नाहीत, मुलगी मात्र खेळत राहिली, पट्टा बांधून, आणि पुढे चांगली निघाली.

जिला तिने संघातून काढलं होतं त्या मुलीलाही ती शोधत गेली. ती आता बेकरीत काम करत होती, गल्ल्यामागे. शिट्टीबाई मला सोबत घेऊन गेली. गिऱ्हाईक हटेपर्यंत आम्ही बिस्किटांकडे बघत उभ्या. मग ती म्हणाली, "मी तुला नाटकी म्हटलं होतं. तुझा गुडघा खरा दुखत होता. माझं चुकलं."

ती बाई आधी गोंधळली, मग मोठ्यांदा हसली. "अहो बाई, मला तर आठवतही नाही! मला सुटका झाल्यासारखंच वाटलं असणार. मला कुठे धावायचं होतं!" तिने आम्हाला दोन पाव बळेच दिले. बाहेर आल्यावर शिट्टीबाई म्हणाली, "जिला आठवत नाही ती माफ करते. जिला आठवतं ती काही बोलतच नाही."

नाकतोडी आता जमिनी मोजायच्या कामावर आहे, दूरच्या शहरात. दिवसभर उन्हातान्हात चालते, दुर्बिणीचं तीन पायांचं तिकाटणं खांद्यावर. पाय कुरकुरत नाही म्हणते. वडिलांना आठवड्यातून दोनदा फोन करते, आईला एकदा. वर्षातून दोन वेळा येते, चार दिवस राहते, आईच्या हातचं आवडीने खाते.

गेल्या खेपेला शिट्टीबाई तिला बसवर पोचवायला गेली. बस यायला वेळ होता. बाकावर दोघीच होत्या. तिथे तिने शेवटी स्पष्ट सांगितलं. मी चुकले. तुझं सात महिने दुखत होतं आणि मी माझंच टेंगूळ बघत बसले. तू पडलीस तेव्हाही मी "ऊठ" म्हटलं.

मुलगी म्हणाली, "आई, मला माहीत आहे तुला वाईट वाटतं. तू ते अकरा वर्षं चेहऱ्यावर घेऊन फिरतेस. मी घरात आले की आधी तो चेहरा समोर येतो आणि मला वाटतं, आता हिला बरं वाटावं म्हणून मी काहीतरी करायला हवं. मला ते जमत नाही."

"मग मी काय करू?"

"काही नाही. मला विचारू नकोस, दुखतंय का म्हणून. दुखलं तर सांगेन."

"सांगशील?"

मुलीने पिशवीचा बंद सरळ केला. मग म्हणाली, "प्रयत्न करेन."

तेवढ्यात बस आली. तिने आईच्या पाठीवरून हात फिरवला, पिशवी उचलली आणि चढली.

शिट्टीबाई निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. आम्ही दोघी संध्याकाळी शाळेच्या मागच्या रस्त्याने फिरायला जातो. मैदानावर नवी बाई असते, तरुण, हुशार. शिट्टीबाईच्या वहीतूनच शिकलेली. शिट्टीबाईचा स्वतःचा डावा गुडघा आता वयाने दुखतो आणि ती चालताना मध्येच थांबते. परवा रविवारी मुलीचा फोन येऊन गेला होता. मी विचारलं, काय म्हणाली?

"बोलली बराच वेळ," ती म्हणाली. "तिकडे ऊन फार आहे म्हणाली. मोजणीचा मोठा भाग संपला म्हणाली. मी विचारलं नाही काही."

"आणि तिने सांगितलं काही?"

"नाही," ती म्हणाली, आणि आम्ही पुढे चालायला लागलो.